मंदाबाईंची अळणी आंबील

आमच्या सेलूच्या घरात मीठ कुलपात होतं. दागिने साध्या लाकडी कपाटात आणि मीठ कुलपात, असं घर मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. त्या कुलपाची किल्ली मंदाबाईंच्या कमरेला असायची. ती तिथं कशी गेली, तेच सांगायचं आहे.

मंदाबाई माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामाजी म्हणतात, मीही तेच म्हणते. पण आत्याबाई असं लिहिलं की डोक्यावरून पदर घेतलेली कुणीतरी सोशिक बाई डोळ्यांपुढं येते. आमच्या बाई सोशिक नव्हत्या. म्हणून इथं त्यांना मंदाबाईच म्हणणार.

मी सिंदी मेघेची, शिक्षकाच्या घरातली. शहाण्णव साली या व्यापाऱ्याच्या घरात पडले. मामाजींची, म्हणजे बंडूजींची, बाजार समितीच्या आवारात धान्याची अडत, म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून देण्याचं दुकान, होती. माझा नवरा योगेंद्र त्यांच्याच हाताखाली शिकत होता. तेव्हा आमच्या भागात कापसाच्या जोडीला सोयाबीनचं पीक जोरात आलं होतं, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास आवारात पिवळ्या दाण्यांचे ढीग लागायचे. दाण्यात ओल किती, यावर भाव ठरायचा. ओल मोजायची यंत्रं येऊ लागली होती, पण शेतकऱ्यांचा विश्वास बंडूजींच्या दाढेवर होता. ते पोत्यातून चिमूटभर दाणे उचलत, एक दाढेखाली धरत आणि डोळे मिटत. दाणा कट् करून फुटला तर वाळलेला, नुसताच चेपला तर ओला. दिवसभर हेच चालायचं. चावलेला दाणा ते थुंकत नसत, गिळून टाकत. मालाचा अपमान होतो म्हणे.

एवढं सोयाबीन हाताळणाऱ्या या घरात सोयाबीनचा एक दाणा कधी शिजला नव्हता. अडतीवर आलेला माल शेतकऱ्याचा असतो, त्यातलं घरच्या चुलीवर काही चढवायचं नाही, असा बंडूजींच्या वडिलांपासूनचा नेम. शेतकऱ्यांनी दाखवायला दिलेली मूठ-मूठ वानगी दिवसभर एका पितळी ताटात साठायची. संध्याकाळी ते ताट घरी यायचं आणि सकाळी मंदाबाई ते मागच्या अंगणातल्या ओट्यावर कबुतरांसाठी पसरायच्या. हा दानधर्म होता, आणि त्यात कधी खंड पडला नव्हता. शिवाय सोयाबीन हा खायचा जिन्नस आहे असं आमच्याकडे कुणाला वाटतच नव्हतं. तो कारखान्यात जायचा, त्याचं तेल निघायचं आणि पेंड कोंबड्यांना जायची.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीआधी, ऐन हंगामात, बंडूजी आवारात दाणा चावताना थांबले. दाणा तोंडातून बाहेर पडला आणि त्यांना तो कळलाच नाही. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, उजवा हात लोंबत होता. योगेंद्रनं त्यांना जीपमध्ये घालून वर्ध्याला नेलं. झटका हलका होता. महिन्याभरात हात उचलू लागला, बोलणंही बरंचसं सुधारलं, फक्त तोंडाचा उजवा कोपरा थोडा खाली राहिला. पण निघताना डॉक्टरांनी मंदाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, रक्तदाब बराच वाढलेला आहे, बहुतेक वर्षानुवर्षं वाढलेलाच असावा. रोजची गोळी आता जन्मभर. मीठ अगदी कमी. हे सांभाळलं नाही तर दुसरा झटका येऊ शकतो आणि तो हलका असेलच असं नाही.

मंदाबाई तिथं रडल्या नाहीत. घरी आल्या, लोणच्याच्या बरण्या, पापडांचे डबे, शेवेचा डबा आणि मिठाची बरणी उचलून कोठीच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. मला म्हणाल्या, "लीना, दुसरा येऊ द्यायचा नाई. बस. बाकी मले काई समजत नाई."

आता जेवणावरून घरात जे सुरू झालं, त्याला भांडण म्हणावं तर बंडूजी भांडतच नव्हते. ते अळणी वरणाचा एक घास घ्यायचे, ताटाकडे बघायचे आणि उठायचे. झिजलेल्या आजारी माणसाला उपाशी उठताना पाहणं सोपं नाही. माझ्याच्यानं दोनदा राहवलं नव्हतं आणि मी किल्ली मागितली होती. मंदाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की तिसऱ्यांदा मागायची माझी छाती झाली नाही. पण त्यांनाही कळत होतं, नुसतं कुलूप लावून माणूस जगत नाही. मीठ नसलेलं काहीतरी असं हवं होतं, जे तो स्वतःहून मागेल.

तेवढ्यात रक्षा आली. रक्षा माझी नणंद, नागपूरला गृहविज्ञान शिकत होती. एरवी ती आली की शिकलेलं घरावर ओतायची आणि आम्ही हसायचो, पण यावेळी मंदाबाईंनी तिला समोर बसवून विचारलं, की नीट सांग, याच्यावर काय चालते.

रक्षा म्हणाली, "कडधान्यं द्या. आणि आई, आपल्या आवारात ढिगानं पडलेलं सोयाबीन काऊन नाई देत? त्याच्यात प्रथिनं भरपूर. प्रथिन म्हणजे लांबलचक माळ असते. ती शिजली, आंबली, पोटात पचली की तिचे लहान लहान तुकडे होतात. त्याले पेप्टाइड म्हणतात. त्यातले काई तुकडे रक्ताच्या नळ्या आवळू देत नाई, त्यानं दाब थोडा उतरते, असं प्रयोगशाळेत दिसून राह्यलं."

बंडूजी खाटेवर उठून बसले. आजारपणात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर मालाचा भाव ऐकताना येते ती चमक आली. "कोनाच्या नळ्या?" त्यांनी विचारलं.

"सध्या जास्त करून उंदरायच्या," रक्षा म्हणाली. "माणसायवरही अभ्यास चालू हाय. फरक पडते, पण थोडाच पडते, बाबा. औषधाची जागा ते घेत नाई."

यातलं शेवटचं वाक्य बंडूजींच्या कानात शिरलं नाही, हे आम्हाला फार नंतर कळलं.

मंदाबाईंनी सोयाबीन आणायचं ठरवलं, तर नेम आडवा आला. अडतीवरचा दाणा घरात शिजणार नाही, बंडूजी ठाम. मंदाबाई वाद घालत बसल्या नाहीत. अल्लीपूरला त्यांचे भाऊ हरिभाऊ शेती करायचे, त्यांना निरोप गेला आणि आठवड्याच्या आत पायलीभर सोयाबीन माहेरून आलं. माहेरचा दाणा काही अडतीवरचा नव्हे.

पण ते सोयाबीन शिजेना. मंदाबाईंनी आधी हरभऱ्यासारखी उसळ केली. दाणे रबरासारखे आणि घरभर कच्च्या वालासारखा उग्र वास. दुसऱ्यांदा दळून ज्वारीच्या पिठात घातलं, तर भाकरी कडवट. योगेंद्र दारातूनच नाक धरून परत गेला. मी म्हणाले, आत्याबाई, जाऊ द्या, मूग आहेत, तूर आहे. त्या म्हणाल्या, "मूग तो खात नाई, तुरीत त्याले मीठ लागते. हे हट्टी हाय म्हणून काय झालं? मी त्याच्याहून हट्टी हाय." हे सोयाबीनबद्दल होतं की मामाजींबद्दल, ते मी विचारलं नाही.

रक्षानं फोनवरून सांगितलं की कच्चा दाणा पोटात पचत नाही, तो पुरता शिजलाच पाहिजे; पण दाणे थंड पाण्यात ठेवून तापवायचे नाहीत, उकळत्या पाण्यात एकदम सोडायचे, म्हणजे वास धरत नाही. ते जमलं. मग मंदाबाईंनी भिजवून टरफलं चोळून काढली, दाणे मऊ शिजवून वाटले. आणि पुढची युक्ती त्यांची स्वतःची. उन्हाळ्यात आमच्याकडे ज्वारीची आंबील होते, ताकात पीठ भिजवून रात्रभर आंबवायचं आणि सकाळी शिजवायचं. त्यांनी ज्वारीच्या पिठात हे वाटण मिसळलं, आंबट ताक घातलं आणि गाडगं झाकून ठेवलं. सकाळी ते फुगून आलं होतं. शिजवताना लसूण ठेचून घातला, जिरं, आलं, वरून कोथिंबीर. मीठ अजिबात नाही.

मी चमचाभर चाखली. आंबटपणा जिभेला असा धरून ठेवत होता की मिठाची आठवण यायला उशीर लागायचा, आणि आठवण येईपर्यंत दुसरा चमचा तोंडात गेलेला असायचा. बंडूजींनी वाटी संपवली. पुन्हा वाटी पुढं केली. मंदाबाई स्वयंपाकघरात आल्या, पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि पदरानं डोळे पुसले. त्या आजारपणात मी त्यांना रडताना पाहिलं ते एवढंच.

त्यानंतर रोज आंबील. अंगात जोर आला, बंडूजी पुन्हा अडतीवर जाऊन बसू लागले. आम्हाला वाटलं, जिंकलो. आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी पट्टा बांधला, फुगवला, पुन्हा बांधला आणि कपाळाला आठ्या घातल्या. दाब होता तिथंच होता. उलट थोडा वरच.

मंदाबाई घरी येऊन गाडग्यापुढं बसल्या. मला म्हणाल्या, "माह्याच हातचं काई चुकते काय? ताकात मीठ असते काय? पिठात असन?" त्या दिवसापासून ताकही घरचं, पीठही घरी दळलेलं. स्वतःच्या आंबिलीवरच त्यांचा संशय. मला मनापासून राग येत होता, पण कुणावर काढावा ते कळत नव्हतं. डॉक्टरांवर, सोयाबीनवर की रक्षाच्या उंदरांवर?

कोडं सोडवलं कबुतरांनी. एका सकाळी मंदाबाईंनी वानगीचं ताट ओट्यावर पसरलं आणि रोजच्यासारख्या आत न येता, कंबर धरल्यामुळं, पायरीवरच टेकल्या. कबुतरं आली, दाणे टिपून उडून गेली. ओटा साफ झाला. मधोमध एक पांढरी गोळी मात्र तशीच राहिली. मंदाबाईंनी ती उचलली. मग ओट्याच्या कडेच्या फटीत बोट घातलं. तिथं अवकाळी पावसानं विरघळलेल्या, माती लागलेल्या आणखी कितीतरी होत्या.

बंडूजी सकाळची गोळी "दुकानात चहासोबत घेतो" म्हणून खिशात घालून नेत. दुकानात गेल्यावर ती वानगीच्या ताटात टाकत. नालीत का नाही टाकली? कारण ते व्यापारी होते. विकत आणलेली वस्तू नालीत टाकायला त्यांचा हात धजेना.

मंदाबाईंनी आरडाओरडा केला नाही. गोळी पदराच्या टोकात बांधली, डब्यात आंबील भरली आणि चपला घातल्या. मी मागोमाग निघाले. बाजाराच्या आवारात आमच्या घरची बाई तोवर कधी गेली नव्हती. हंगामाचे दिवस नव्हते, तरी आठ-दहा शेतकरी आणि हमाल अडतीपुढं बसलेले. मंदाबाई सरळ गादीवर जाऊन बंडूजींच्या शेजारी बसल्या आणि पदराची गाठ सोडली.

"हे काय हाय?"

बंडूजींनी गोळी ओळखली. आधी इकडं तिकडं पाहिलं, मग हळू आवाजात म्हणाले, "घरी बोलू."

"घरी तुमी खोटं बोलता. इथं बोला."

मग त्यांचाही बांध फुटला. "आता कायले पायजे गोळी? रक्षाच तर सांगे. सोयाबीननं नळ्या सैल होते. अन् मी काय आजच खाऊन राह्यलो? जिंदगीभर दाणे गिळले. एवढं सोयाबीन या तालुक्यात कोनाच्या पोटात गेलं नसन. अन् वरून तुही आंबील. एवढ्यावर गोळी म्हणजे जास्तीचा माल."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. माणूस लबाडी करत नव्हता. त्याचा हिशेब त्याच्या परीनं सरळ होता.

"अन् जिंदगीभर दाणे गिळले तर झटका कायले आला?" मंदाबाईंनी विचारलं.

पुढं बसलेला एक म्हातारा शेतकरी मान हलवून म्हणाला, "हे बराबर पुसलं बाईनं."

"रक्षानं काय सांगतलं ते मी पूरं आयकलं हाय," मंदाबाई म्हणाल्या. "कच्चा दाणा पोटात पचत नाई, त्याच्यात पचू न देणारंच काई असते. शिजला, आंबला, त्याचे तुकडे झाले, तवा तो कामाचा. अन् तवाही थोडाच. मोठं काम गोळीचं, लहान काम आंबिलीचं. मी लहान काम करून राह्यली. मोठं तुमाले करा लागते. अन् नसन करायचं तर सांगा, मी आज कुलूप काढतो, लोणचं वाढतो, अन् दुसऱ्या झटक्याची वाट पाहत बसतो. पण मंग मले रोज खोटं खाऊ घालू नका."

बंडूजींनी त्या गोळीकडे पाहिलं. मग हमालाला पाणी आणायला सांगितलं.

"ही नको," मंदाबाई म्हणाल्या, "हिले माती लागली." आणि कमरेची पुडी सोडून नवी गोळी काढली. बंडूजींनी ती गिळली. मंदाबाई म्हणाल्या, "आ करा." भर आवारात, शेतकऱ्यांच्या आणि हमालांच्या देखत, सेलूच्या बंडूजी अडत्यांनी बायकोपुढं तोंड उघडलं, आणि तिनं मान वाकवून, जिभेखालीसुद्धा पाहिलं. मग डब्याचं झाकण काढून आंबील पुढं ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या. तिसऱ्या दिवशीही. लोक काय म्हणतील, असं योगेंद्र घाबरत घाबरत म्हणाला. त्या म्हणाल्या, लोकं त्याच्या तेराव्यालेही येतीन, मले घाई नाई. लोक काय म्हणाले ते मी सांगते. आधी हसले, मग डब्यात काय आहे ते विचारलं, मग एकेकानं तळहातावर घेऊन चाखली. त्यांच्या घरच्या बायका गाडगं कसं लावायचं ते विचारायला आमच्या दारात येऊ लागल्या. मंदाबाई सगळ्यांना शिकवायच्या, आणि शिकवून झालं की प्रत्येकीला बजावायच्या, "हे औषध नोय. घरात कोनाले गोळी चालू असन तर गोळी सुटता कामा नाई. अन् आ करून पाहजो." पुढच्या तपासणीला दाब उतरला होता. आंबिलीनं किती उतरला आणि गोळीनं किती, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मंदाबाईंना ते विचारायचंही नव्हतं.

गोळी मग घरीच घ्यायची असं ठरलं आणि त्यांचं आवारात जाणं थांबलं. पण रोज सकाळी आंबिलीची वाटी, गोळी, पाणी आणि आ, हे सुटलं नाही. पाहुणे असोत, सण असो. नातू झाला, तो आजोबांचं पाहून औषध घेतल्यावर स्वतःही आ करून दाखवायचा. आणि रोज वानगी पसरण्याआधी मंदाबाई ताटात बोटं फिरवून पाहायच्या. बंडूजींनी हे कितीदा तरी पाहिलं असेल. ते कधी रागावले नाहीत. दाढेखाली दाणा धरणं त्यांनी पुन्हा सुरू केलं होतं, डाव्या बाजूनं. फक्त आता ते दाणा गिळत नसत.

वर्षं गेली. दोन हजार सहाच्या श्रावणात अल्लीपूरहून निरोप आला, की हरिभाऊ गोठ्यात घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. मंदाबाई मिळेल त्या गाडीनं निघाल्या. इतक्या वर्षांत त्या एक रात्रही घराबाहेर राहिल्या नव्हत्या. निघताना आंबिलीचं गाडगं मला दाखवलं, गोळ्यांची पाकिटं दाखवली आणि दारात जाऊन परत फिरल्या. "लीना, ताटात बोट फिरवून पाहजो."

मी हो म्हटलं.

गडबडीत किल्ली मात्र ओट्यावरच राहिली. संध्याकाळी अडतीवरून आल्यावर बंडूजींना ती दिसली. त्यांनी उचलली. कुलूपबंद कपाटाकडे पाहिलं. मी भाजी निवडत होते, मान वर केली नाही, पण माझे हात थांबले होते. ते माझ्याजवळ आले आणि किल्ली माझ्यापुढं ठेवली. "हे तुह्याजवळ ठेवजो. दिसली की मन होते."

सकाळी उठून मी वानगीच्या ताटात बोटं फिरवली. नुसते पिवळे दाणे. मी ते ओट्यावर पसरत होते तेव्हा आतून फोनची डायल फिरवल्याचा आवाज आला. आमचा काळा फोन तेव्हाही चालूच होता. मी दारातून पाहिलं. बंडूजींनी आंबिलीची वाटी संपवून बाजूला ठेवलेली, पाण्याचा पेला रिकामा. त्यांनी अल्लीपूरला फोन लावला होता आणि तो मंदाबाईंनीच उचलला होता. हरिभाऊ कसे आहेत ते विचारलं नाही, कोण बोलतंय तेही सांगितलं नाही. रिसीव्हर तोंडासमोर धरला, आणि तो खाली ओघळलेला उजवा कोपरा जमेल तेवढा ताणून तोंड मोठ्ठं उघडलं.

"आ," ते म्हणाले.

पलीकडून मग मंदाबाईंचा आवाज आला. त्यांचा आवाज रिसीव्हरबाहेरही ऐकू यायचा.

"दिसलं," त्या म्हणाल्या. "मिटा आता."